कणकेच्या मफिनला गूळ की खजूर?

मैदा नको, साखर नको, आत ताजं फळ हवं, इथवर घरात सगळ्यांचं एकमत असतं. घोडं पेंड खातं ते गोडासाठी घालायचं काय, या प्रश्नावर. मी दोन्ही बरेच दिवस चालवून पाहिलं. तुमचा अनुभव वेगळाही असू शकेल.

पौष्टिकपणाचं आधी उरकतो. गूळ म्हणजे बव्हंशी साखरच, 100 ग्रॅमला 380 कॅलरींच्या आसपास. खजुरातही निम्म्याहून जास्त साखर असते, पण तिच्याबरोबर चोथा येतो आणि कॅलरी कमी. इथे खजूर पुढे, ते मान्यच करायला हवं. मधुमेह असलेल्यांनी मात्र दोन्हीकडे जपूनच बघावं.

खजुराचे मफिन दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. कणीक एरवी रात्रीतून कोरडी पडते, त्यामुळे मुलांच्या डब्याच्या हिशेबाने हा गुण लहान नाही.

माझं बिनसलं ते मिक्सरपाशी. पाव किलो कणकेला दीड-दोनशे ग्रॅम खजूर लागतो. मोठ्या भांड्यात तो तळाशीच लपून बसतो, म्हणून चटणीचं भांडं घ्यायचं. दोन गिरक्या झाल्या की सगळा लगदा कडेला चिकटतो आणि पाती रिकामी घरघरत राहतात. झाकण काढा, चमच्याच्या दांड्याने खाली ढकला, पुन्हा लावा. मोटर तापल्याचा वास आला की हात आपोआप पाण्याकडे जातो, आणि तिथेच मफिन बिघडतो. आधीच केळं किंवा अंजीर पाणी सोडणार, त्यात हे जादा पाणी. वरून तांबूस झालेला मफिन मोडावा तर मध्ये शिऱ्यासारखा ओला. शेवटी पात्यांखाली अडकलेला तो चिकट गोळा काढत बसायचं. बाहेरून आणलेल्या तयार पेस्टने हे टळतं, हे खरं, पण मग घरी करण्यातली मजा थोडी कमी होते.

गुळालाही कटकट आहेच. चिरा, पाव वाटी गरम पाण्यात विरघळवा, गाळा (गाळण्यात काय काय उरतं ते बघितलं की न गाळण्याचा आळस कायमचा जातो) आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम ओतलात तर बेकिंग पावडर भांड्यातच फसफसून मोकळी होते आणि ओव्हनमध्ये फुगायला जोर उरत नाही. पण ही कटकट आदल्या रात्री उरकता येते. गाळलेलं पाणी फ्रिजमध्ये निवांत राहतं. सकाळी दही, तेल, कणीक, फळ घालून जेमतेम एकत्र करायचं, फेटायचं नाही. गूळ लवकर करपतो, म्हणून मी 180 ऐवजी 170 अंशांवर भाजतो.

चवीचं म्हणाल तर खजूर स्वतःच फळ आहे आणि तो दुसऱ्या फळाला बोलू देत नाही. केळ्याशी त्याचं जमतं. पण पुरंदरचं अंजीर, 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, थंडीतल्या हंगामात, म्हणजे खट्ट्या बहारात, हातात आलं की त्याची नाजूक चव खजुराखाली दबते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचंही तेच, शिवाय तिचा रंगही त्या काळपट पिठात हरवतो. गूळ मागे उभा राहतो. केळ्याला गडद गूळ चालेल, अंजिराला फिकट तांबूस बरा. फार लख्ख पिवळा मी घेत नाही.

पुण्यात गुळाची ददात नाही, दौंडची गुऱ्हाळं हाकेवर आहेत. पाव किलो कणकेला दीडशे ग्रॅम पुरे. फळ फार पिकलेलं असेल तर सव्वाशेच. खजूर आवडत असेल तर चार-पाच खजूर बारीक चिरून वरून घाला, वाटू नका.