'विंटर कॅट हाउस': फोटोत पाच तारे, पार्किंगमध्ये अडीच

मखमली कापड, फोमच्या भिंती, घडी घालता येणारं, मोठा आकार, साडेनऊशे रुपये. घरातल्या लाडोबासाठी घेत असाल तर खुशाल घ्या. शिवण पक्की आहे, रंगही जात नाही. मी मात्र ते आमच्या त्रिमूर्तीनगरच्या बिल्डिंगखाली राहणाऱ्या मांजरांसाठी मागवलं, कारण वर्णनात 'इनडोअर-आउटडोअर' असं ठळक छापलं होतं. त्यातलं आउटडोअर विसरा.

नागपूर म्हटलं की बाहेरच्यांना फक्त मे महिना आठवतो. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर आला होता, हे माझ्या पुण्याच्या नणंदेला अजून पटत नाही. दरवर्षी काही तेवढं होत नाही, पण थंडीची लाट आली की आठ-नऊ अंशांचं आम्हाला नवल नाही. दुपारी स्वेटर अंगात नकोसा होतो आणि पहाटे फरशीवर पाय टेकवत नाही. मांजराचं अंग आपल्याहून गरम, ३८-३९ अंशांचं. ती ऊब टिकवायला त्याला जागा हवी कोरडी आणि लहान. आत शेगडी थोडीच असते? त्याच्याच अंगाची गरमी कोंडून राहिली तर राहिली.

हे घर नेमकं उलटं बांधलंय. बोक्याने उभं राहून आळस द्यावा एवढी उंची, आणि दार एवढं ऐसपैस की गल्लीतल्या काळ्या कुत्र्याचं मुंडकं कानांसकट आत जातं. फोटोतलं झुबकेदार मांजर दारातून पूर्ण दिसावं म्हणून दार मोठं ठेवलं असणार, दुसरं कारण मला तरी सुचत नाही.

खरा वैताग गादीचा. तळ वॉटरप्रूफ आहे, खालून पाणी येत नाही, हे कबूल. पण पार्किंग धुतल्यावर ओल्या पायांनी मांजर आत जाणार, दारातून दव येणार, आणि ते सगळं गादी पिऊन घेणार. वरून हात फिरवला तर कोरडी वाटते; बोट रुतवलं की आत गार ओल लागते. चेन नुसती शोभेची, फोम बाहेर निघत नाही. म्हणजे वाळवायचं तर अख्खं घरच गच्चीवर न्या.

आमच्या चौकीदारदादांनी पहिल्याच सकाळी निकाल दिला होता : "ताई, तो संत्र्या आत नाही जाऊन राहिला. वरतेच बसून राहिला." संत्र्या म्हणजे आमचा भगवा बोका, अंगाने दांडगा. त्याच्या वजनाने छप्पर असं खाली बसलं की आत जायची सोयच उरली नाही. शिवाय नव्या मालाला गोंदाचा वास होता. आपल्याला तो जेमतेम कळतो, मांजराच्या नाकाला पुरतो.

आता तिथे काय आहे ते सांगते, कारण त्याला खर्च जवळपास शून्य. दवाबाजारात इन्सुलिन, लसी ज्या जाड थर्मोकोलच्या डब्यांतून येतात, ते रिकामे डबे मागितले तर मिळतात. वीतभराहून थोडं कमी असं भोक कापलं, कडांना टेप लावला (नाहीतर मांजरांचे पोट्टे नखांनी कुरतडून कण पसरवतात), झाकण चिकटवून वर वीट ठेवली. खाली संत्र्यांचा प्लास्टिक क्रेट, म्हणजे फरशीचा गारवा आणि धुण्याचं पाणी दोन्ही टळलं. तोंड भिंतीकडे, मध्ये मांजर शिरेल एवढी फट. आत धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा. आमचे गवळीभाऊ भंडाऱ्याकडून आणतात, त्यांनी पिशवीभर दिलं. तणसाच्या काड्या पोकळ, त्यांत हवा राहते. कापडासारखं ते पाणी शोषून बसत नाही, आणि मांजर त्यात घुसून स्वतःभोवती खळगा करतं. कुटार (भुसा) घालू नका, धूळ होते आणि दबून बसतं. जुना स्वेटर, गोधडी तर नकोच. गादीचं जे झालं तेच त्यांचं होईल.

सेक्रेटरीसाहेबांनी "शोभा जाते" म्हणून कुरकुर केली. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आवारातल्या प्राण्यांच्या खाण्याची व्यवस्था सोसायटीने पाहायची आहे, एवढं मी ऐकवलं. निवाऱ्याबद्दल त्यात काही म्हटलंय असा दावा मी केला नाही, त्यांनीही विचारलं नाही. मग एका सकाळी त्यांच्याच गाडीच्या बॉनेटखालून तिरंगी मांजर निघालं. इंजिन गरम असतं, थंडीत ती तिथे चढतात. तेव्हापासून साहेब गाडी सुरू करायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारतात आणि डब्याबद्दल बोलत नाहीत.

कंपनीने घर परत घेतलं नाही, "वापरलेलं दिसतं, केस लागलेत" म्हणे. मांजराच्या घराला मांजराचे केस! शेवटी ते मनीषनगरला जावेच्या पर्शियनला दिलं. ती त्यात दिवसभर लोळते, म्हणून अडीच. नाहीतर एकच दिला असता.