ऑलिव्ह गार्डनचा अनलिमिटेड पास्ता की टाऊनमधलं बीवायओबी इटालियन, कुठे जायचं?

ऑगस्ट संपत आला आणि ऑलिव्ह गार्डन या इकडच्या इटालियन हॉटेलांच्या चेनच्या नेव्हर एंडिंग पास्ता बाऊलची, म्हणजे अनलिमिटेड पास्त्याच्या ऑफरची, जाहिरात दिसली की आपल्या ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, जायचं का, १३.९९ डॉलरमध्ये पोटभर. लगेच दुसरा कोणीतरी म्हणतो अरे त्यापेक्षा टाऊनमधलं ते छोटं इटालियन बरं, बीवायओबी, म्हणजे वाईनची बाटली आपली आपण न्यायची, जेवण पण खरं. दोघांचंही चूक नाहीये, पण टेबलावर कोण कोण बसणार आहे ते आधी बघा, अनलिमिटेडचं सगळं गणित तिथेच फिरतं. मी न्यू जर्सी डोक्यात ठेवून लिहितेय, बाकी स्टेटवाल्यांनी टॅक्स आणि दारूचे नियम आपापले बघावेत.

ही ऑफर १९९५ पासूनची. कोविडमध्ये बंद पडली, २०२२ ला परत आली ती १३.९९ ला, आणि २०२५ च्या सीझनलाही सुरुवातीचा भाव तोच होता. एक पास्ता निवडायचा, एक सॉस निवडायचा, संपलं की दुसरी जोडी मागायची, आणि सोबत सूप किंवा सॅलड आणि ब्रेडस्टिक्स, तेही पाहिजे तेवढे. मीटबॉल, सॉसेज किंवा क्रिस्पी चिकन वर हवं असेल तर ४.९९ जास्त. बसूनच खायचं, टू-गो म्हणजे पार्सल मिळत नाही. आता गंमत अशी की सूप-सॅलड-ब्रेडस्टिक्स तिथे वर्षभर, कुठल्याही नेहमीच्या मेन डिशबरोबर अनलिमिटेडच असतात. म्हणजे ऑफरमध्ये नवीन काय मिळतं तर फक्त दुसरा, तिसरा बाऊल. आणि तिसऱ्या बाऊलपर्यंत आपल्यातले किती जण पोचतात हो? पहिला बाऊल नेहमीच्या साईजचा येतो, पुढचे लहान येतात, तेही बरंच आहे म्हणा.

पोट भरतं ते ब्रेडस्टिक्सनी. गरम असतात, वर लसूण आणि मीठ, बोलता बोलता दोन कधी गेल्या कळत नाही, आणि मग पास्ता समोर आला की माणूस काटा फिरवत बसतो. २०१४ ला स्टारबोर्ड नावाच्या गुंतवणूकदार कंपनीने ऑलिव्ह गार्डनच्या मालक कंपनीवर, डार्डनवर, जवळजवळ तीनशे स्लाईडचं प्रेझेंटेशन काढलं होतं, त्यात एक तक्रार हीच होती की ब्रेडस्टिक्स टेबलावर गरजेपेक्षा जास्त टाकल्या जातात, नियम माणशी एक अधिक टेबलाला एक असा आहे. त्याच प्रेझेंटेशनमध्ये ते पास्त्याच्या पाण्यात मीठ न घालण्याचं पण होतं, भांड्यांची वॉरंटी टिकावी म्हणून! पास्ता आळणी लागला तर तोपर्यंत लोक स्वतःच्या जिभेला दोष देत असणार.

तर जायचंच असेल तर क्रम नीट लावा. आधी मरिनारा, ती हलकी, टोमॅटोची. एंजल हेअर पास्ता शेवयांसारखा बारीक असतो, सॉस पिऊन टाकतो आणि लगेच गुठळी होते, म्हणून तो लगेच खायचा, फोटो नंतर. अल्फ्रेडो शेवटी आणि एकदाच, कारण इकडची अल्फ्रेडो क्रीमची असते (रोमला जो मूळ प्रकार आहे त्यात लोणी आणि पार्मेजान एवढंच), ती गार होत गेली की घट्ट होते आणि अर्ध्या बाऊलमध्ये माणूस आडवा. पण हिशोबाच्या दृष्टीने बघाल तर अल्फ्रेडोतच पैसे वसूल होतात, नुसती फेटुचिनी अल्फ्रेडो मेनूवरून मागवली तर बहुतेक ठिकाणी १३.९९ च्या वरच जाते. मरिनारा-स्पघेटीच खाणार असाल तर ऑफर घेतली काय न घेतली काय, फारसा फरक नाही.

आता आपल्या लोकांचा मुद्दा, शाकाहार. ऑफर पडते बरोबर गणपती-नवरात्राच्या दिवसांत, तेव्हा अर्धं टेबल शाकाहारी आणि एखादं कांदा-लसूण पण न खाणारं. कांदा-लसूण नको असेल तर दोन्हीकडे विसरा, उगाच त्या सर्व्हरला छळू नका. नुसतं शाकाहारी असेल तर ऑलिव्ह गार्डनमध्ये चार सुपांपैकी मिनेस्त्रोने हे भाज्यांचं एकच तुमचं. पास्ता ए फाजोलीला फसू नका, दिसायला राजम्याच्या उसळीसारखं असतं पण त्यात बीफचा खिमा असतो, आणि हे आई-बाबांनी चमचा तोंडात घातल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. सॅलडवर टेबलापाशी येऊन चीज किसून घालतात, रेनेट (चीज करताना वापरतात ते, बऱ्याचदा वासराच्या पोटातलं) चालत नसेल तर तिथेच नको म्हणायचं. सॉसमध्ये मरिनारा, अल्फ्रेडो असे बिनमांसाचे मोजकेच. चिडचिड होण्याइतका कमी चॉईस नाही पण तिसऱ्या बाऊलला कंटाळा येतो हे खरंय.

छोट्या इटालियनमध्ये उलट. चॉईस भरपूर, वांग्याचं पार्मेजान मस्त मिळतं (चातुर्मास पाळणाऱ्या सासूबाई बरोबर असतील तर तेही बाद), पेने व्होडका (टोमॅटो-क्रीमच्या सॉसमधला पास्ता, सॉसमध्ये थोडी व्होडका) तर जर्सीची शान आहे, ब्रोकोली राब ही कडवट पालेभाजी लसणात परतलेली, ती तर मी भातावर पण खाईन. पण पास्ता घरी केलेला असेल तर त्यात बहुतेक अंडं असतं, कोरड्या पाकिटातल्या पास्त्यात सहसा नसतं, म्हणून अंडं न खाणाऱ्यांनी विचारून घ्यायचं. ही ठिकाणं मालकच चालवतो, किचनमध्ये जाऊन विचारून येतात, चेनमध्ये तुम्हाला ॲलर्जीचा चार्ट दाखवतील. काही ठिकाणी कार्ड घेत नाहीत, कॅश ठेवा. बीवायओबी का, तर जर्सीत दारूची लायसन्स टाऊनच्या लोकसंख्येवर मोजून मिळतात, तीन हजार माणसांमागे एक असा हिशोब, त्यामुळे विकत घ्यायचं म्हटलं तर काही लाख डॉलर लागू शकतात, लहान हॉटेलवाला कुठून आणणार. त्याची अडचण, आपला फायदा. बारा डॉलरची बाटली बारालाच पडते.

पैशाचं बघू. चार मोठी माणसं ऑलिव्ह गार्डनला, टॉपिंग नाही, पाणी प्यायचं, ५५.९६. त्यावर जर्सीचा ६.६२५ टक्के टॅक्स, २० टक्के टिप, ७१ च्या आसपास. सोडे मागवले की वाढलं. एकाच्या बाऊलमधून दोघांनी खायचं चालत नाही, म्हणजे एक फुलका खाणाऱ्या आजींचे पण १३.९९. छोट्या इटालियनमध्ये पास्ता २०-२५ चा धरा, पण प्लेट एवढी मोठी की चौघांत तीन डिश आणि एक सॅलड पुरतं, टॅक्स-टिप धरून शंभराच्या थोडं वर, आणि दुसऱ्या दिवशीचा एखादा डबा सुटतो. काही ठिकाणी सोमवार ते बुधवारमध्ये एखादी पास्ता नाईट असते, सॅलड आणि पास्ता ठरलेल्या भावात, अनलिमिटेड नाही पण शंभराचे ऐंशी होतात. फोन करून विचारा, वेबसाईटवर असेलच असं नाही.

म्हणून माझं मत विचाराल तर, हायस्कूलमधली पोरं बरोबर असतील, विशेषतः सॉकर प्रॅक्टिसवरून थेट आलेली, तर डोळे मिटून ऑलिव्ह गार्डन, टॉपिंग पण घ्या, तिथे कंपनीचंच नुकसान. विद्यार्थी, नवीन आलेली बॅचलर मंडळी, तेच. भारतातून आई-बाबा आलेत, जेमतेम जेवतात, आवाज सहन होत नाही, तर छोटं इटालियन, आणि मधल्या वारी. आणि दोघंच असाल, भूक मध्यम, पण ऑलिव्ह गार्डनच जवळ आहे, तर ऑफर सोडा आणि मेनूवरची प्रत्येकी एक नेहमीची डिश घ्या, सूप-ब्रेडस्टिक्सवर जेवा, डिश अर्धी डब्यात भरून घरी. ही तिसरी वाट कोणी सांगत नाही कारण जाहिरात तिची नसते.

शुक्रवार-शनिवार संध्याकाळी ऑलिव्ह गार्डनला जाणार असाल तर घरूनच ऑनलाईन वेटलिस्टमध्ये नाव टाका. आणि वर हिशोबाला २० टक्के धरली असली तरी टिप नुसती १३.९९ वर मोजू नका प्लीज, तो पोरगा तुमच्यासाठी सहा वेळा किचनमध्ये जाऊन आलेला असतो, चौघांचे पंधरा डॉलर तरी ठेवा.