हँडब्रेक न ओढता गाडी उभी करण्याचे काही महिने : रबरी ठोकळ्यांच्या जोडीचा अनुभव

मुंबईत पाणी गोठत नाही. सांताक्रूझला नोंदले गेलेले आजवरचे नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे आणि तेही २२ जानेवारी १९६२ चे. तरीही हँडब्रेक अडकून बसण्याचा त्रास मुंबईकरांच्या ओळखीचा आहे. हिमाचलात जे काम बर्फ करतो, ते आपल्याकडे गंज करतो एवढाच फरक. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर मी चाकाखाली लावायच्या रबरी ठोकळ्यांची एक जोडी घेतली आणि गाडी रात्रभर किंवा त्याहून जास्त काळ उभी राहणार असेल तेव्हा हँडब्रेक ओढणे बंद केले. त्यानंतर ही जोडी माहीमच्या दमट, खाऱ्या हवेत अख्खा पावसाळा राहिली आणि हिवाळ्यात हिमाचलातल्या अटल बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावापर्यंत जाऊन आली, त्यामुळे आता तिच्याविषयी काही सांगता येईल असे वाटते.

ही खरेदी करावी लागली ती आधीच्या वर्षी मागचे डावे चाक जाम झाल्यामुळे. गाडी पावसात भिजून आली, हँडब्रेक ओढून काही दिवस तशीच उभी राहिली आणि नंतर लिव्हर खाली करूनही चाक सुटेना. मेकॅनिकने लाकडी हातोडीने ठोकून ड्रम (चाकाबरोबर फिरणारे ब्रेकचे गोल भांडे) काढला, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूवर ब्रेक शूच्या, म्हणजे ड्रमला आतून दाबून धरणाऱ्या कमानदार भागाच्या, आकाराचा तपकिरी ठसा स्वच्छ उमटलेला दिसला. ड्रम ओतीव लोखंडाचा असतो. ओला शू त्यावर दाबून ठेवला की दोहोंमध्ये अडकलेल्या ओलाव्याने गंज चढतो आणि तोच गंज लायनर (शूवरचा घर्षणाचा थर) आणि ड्रम यांना चिकटवून टाकतो. दुसरी जागा केबलची. लिव्हरपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारी तार एका आवरणातून जाते आणि त्या आवरणाच्या टोकाला रबरी बूट असतो. माझ्या गाडीचा हा बूट घडीपाशी चिरलेला होता. तिथून शिरलेले पाणी मुंबईत तारेला गंज आणते आणि शून्याखालच्या तापमानात आवरणाच्या आतच गोठून तारेला जागच्या जागी पकडून ठेवते. कारण शूचे आहे की केबलचे, हे आधी ओळखावे. लिव्हर नेहमीसारखा खाली जाऊनही एकच चाक अडत असेल, तर बहुधा त्या बाजूचा शू चिकटलेला असतो किंवा केबलचा तेवढाच फाटा अडकलेला असतो. लिव्हर ढिला पडला, वर उचलताना ताण जाणवेनासा झाला आणि दोन्ही चाके धरलेलीच राहिली, तर संशय मुख्य केबलवर घ्यावा.

ठोकळ्यांविषयी तक्रार फार थोडी आहे. भरीव रबराचे असल्यामुळे ते वजनदार आहेत, खालच्या अंगाला खाचा आहेत आणि दोघांना जोडणारी दोरी आहे, जी मला आधी निरुपयोगी वाटली होती. पण चाकाखालून ठोकळा ओढून काढताना चिखलात हात घालावा लागत नाही, हे जुलैत कळले. नवे असताना डिकी उघडली की जळक्या टायरसारखा वास येत असे, तो दोनेक महिने टिकला. हलके प्लास्टिकचे ठोकळे स्वस्त मिळतात, परंतु गुळगुळीत फरशीवर ते चाकासह सरकतात असे शेजाऱ्यांकडे पाहिले असल्याने त्यांची शिफारस करणार नाही.

आमच्या इमारतीच्या आवारात गाड्या एकामागे एक लागतात आणि आतल्या गाडीला वाट देण्यासाठी बाहेरची ढकलावी लागते, म्हणून बाहेरची गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक न ओढता सोडायची, असा जुना अलिखित करार आहे. मुंबईच्या जुन्या वस्त्यांतून हे चित्र सर्रास दिसते. गिअरमध्ये ठेवलेली गाडी तिथे चालत नाही. त्यामुळे सपाट आवारात एकाच चाकाच्या पुढे आणि मागे एकेक ठोकळा, अशी व्यवस्था मी केली आणि वॉचमनना दोरी दाखवून ठेवली. पहिल्या आठवड्यात त्यांची कुरबुर झाली; नंतर मात्र, "साहेब, काढून ढकलली आणि परत लावली आहे," असे तेच आपणहून सांगू लागले. हे फक्त अगदी सपाट जागेसाठीच. जराही उतार असेल तर गाडी गिअरमध्येच हवी: तोंड चढाकडे असताना पहिला, उताराकडे असताना रिव्हर्स, आणि ठोकळा उताराच्या बाजूला.

पावसाळ्यातला निकाल समाधानकारक आहे. पाणी साचलेल्या रस्त्यावरून आल्यावर शेवटच्या काही अंतरात पायाचा ब्रेक हलकेच दाबत यायचे, म्हणजे ड्रम आणि शू घर्षणाच्या उष्णतेने बरेचसे वाळतात, ही सवय मी त्याच सुमारास लावून घेतली. चाक एकदाही चिकटले नाही. यातले श्रेय ठोकळ्यांचे किती आणि या सवयीचे किती, हे वेगळे काढता येत नाही. माझा कौल सवयीकडे जरा जास्त झुकतो.

सिस्सूचा अनुभव अधिक बोलका होता. ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाल्यापासून लाहौल खोरे हिवाळ्यातही पर्यटकांच्या आवाक्यात आले आहे आणि त्यांच्यात महाराष्ट्राच्या गाड्याही दिसतात. दिवसा उन्हाने वितळलेल्या बर्फाचा चिखल मागच्या चाकांवर उडतो, संध्याकाळी ऊन उतरले की तेच पाणी ड्रमच्या आत गोठते. आम्ही गाडी गिअरमध्ये ठेवून ठोकळे लावले; पण थंडीने रबर दगडासारखे कडक झाले होते आणि बर्फावर ते चक्क घसरत होते. शेजारच्या स्थानिक ड्रायव्हरने बुखारीतली, म्हणजे घर उबदार ठेवणाऱ्या शेगडीतली, राख आणून ठोकळ्याखाली पसरली, तेव्हा कुठे ते बसले. तो स्वतः चाकाला दगडाची उटी, म्हणजे अडसर, लावून मोकळा झाला होता.

सकाळी आमची गाडी सहज निघाली. जवळच्या एका गाडीचा हँडब्रेक रात्रभर ओढलेला होता. तिने गिअर टाकून पुढे जायचा प्रयत्न केला की तिची पाठ खाली बसत होती आणि मागचे एक चाक न फिरता बर्फात चर काढत फरपटत होते. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबत राहिल्यास लायनर शूवरून उखडण्याचा धोका असतो. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकांनी किटलीतले उकळते पाणी ओतायला निघालेल्या चालकाला थांबवले, कारण तेच पाणी थोड्या वेळात पुन्हा गोठले असते. इंजिन चालू ठेवून, गाडी पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये आळीपाळीने अगदी हलके झुलवत आणि मध्ये लाकडाने ड्रमवर ठोकत राहिल्यावर ठक्क असा आवाज होऊन चाक सुटले. मुंबईत गंजाने धरलेले चाकही बहुतेक वेळा याच झुलवण्याने सुटते.

ज्यांच्या गाडीला बटणाचा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक आहे, त्यांनी एक गोष्ट पाहून ठेवावी. अनेक मॉडेलमध्ये इंजिन बंद करताच तो आपोआप लागतो. हे तात्पुरते टाळण्याची रीत मॅन्युअलमध्ये शोधावी आणि ती डोंगरात पोहोचण्यापूर्वी घरीच करून पाहावी. ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा लिव्हर पी (पार्क) वर ठेवून ठोकळा लावला की गोठत्या रात्रीचे काम भागते.

हँडब्रेक न ओढणे कायद्यात बसते का, असे मला एकदोघांनी विचारले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ मध्ये चालकाविना उभ्या गाडीचे इंजिन बंद असावे आणि ब्रेक लावलेला असावा किंवा गाडी आपसूक हलणार नाही असे अन्य उपाय केलेले असावेत, असे म्हटले आहे. उपाय मात्र खरोखर पुरेसा हवा. फ्लायओव्हरच्या चढावर, पेट्रोल पंपावर किंवा दुकानापुढे पाच मिनिटे थांबताना मी हँडब्रेक आजही ओढतो, आणि गाड्या उचलून ठेवणाऱ्या मेकॅनिकल पार्किंगच्या तबकावर तर तिथल्या नियमाप्रमाणे तो ओढलाच पाहिजे. शिवाय तो कधीच वापरला नाही तर केबल न हलल्यामुळेच अडकते, हे मेकॅनिकचे म्हणणे मला पटले आहे.

ठोकळे अजून डिकीत आहेत, दोरी मात्र एका जागी विरली आहे, ती बदलावी लागेल. नव्याने घेणाऱ्याने आधी गाडी लिफ्टवर चढवून केबलचे दोन्ही रबरी बूट पाहून घ्यावेत. ते फाटलेले असतील, तर पैसे प्रथम तिथे घालावेत आणि ठोकळे त्यानंतर घ्यावेत.