चुंबक चिकटला नाही म्हणजे टायटॅनियम झालं का?

स्कूबा डायव्हिंगचा सेकंडहँड रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं यंत्र) विकणारा खिशातून चुंबक काढायला लागला, की व्यवहार तिथेच थांबवा. मला गंडवणाऱ्याने हेच केलं. फर्स्ट स्टेजला, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या भागाला, चुंबक लावला, तो घसरून खाली पडला, आणि हा म्हणतो, "बघा दादा, प्युअर टायटॅनियम. सेकंड स्टेजपण त्याच सेटची." सेकंड स्टेज म्हणजे तोंडाशी येणारा भाग. चुंबक पितळेलाही चिकटत नाही. बाजारातले बहुतेक फर्स्ट स्टेज पितळेचे, वर क्रोमचा मुलामा. म्हणजे या परीक्षेत जवळपास सगळेच पास.

मालवणला भाड्याच्या सेटवर डाइव्ह करून आलो की माझा जबडा दुखायचा. बोलता बोलता हे त्याला कळलं आणि त्याने नेमका तिथेच गळ टाकला. जड सेकंड स्टेजमुळे दात आवळून धरावे लागतात, म्हणून दुखतं. ही टायटॅनियमची, हातात घेऊन बघा. घेतली. खरंच हलकी होती. किंमत २८,००० रुपये, "तुमच्यासाठी" कमी केलेली.

हलकी होती, कारण बॉडी प्लास्टिकची होती आणि वरून करड्या चकचकीत रंगाचा स्प्रे मारला होता. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात धुता धुता पर्ज बटणाच्या (सेकंड स्टेजमधलं पाणी बाहेर काढायचं बटण) कडेने रंगाचे पापुद्रे निघाले, तेव्हा कळलं. फर्स्ट स्टेजवरही एका ओरखड्यात पिवळं पितळ आणि भोवती हिरवट डाग. प्लास्टिकची बॉडी हा मुळीच दोष नव्हे. चांगल्या कंपन्यांच्या कितीतरी सेकंड स्टेज प्लास्टिकच्याच असतात. धातूच्या बॉडीत उच्छ्वासातली वाफ जमून पुढचा श्वास जरा ओलसर येतो, घसा कमी कोरडा पडतो, हा तिचा फायदा खरा. पण प्लास्टिकला रंग फासून टायटॅनियमचा भाव लावणं याला लबाडीच म्हणतात.

आणि जबडा? तो दुखायचा तसाच दुखत राहिला. हातावर तोललेलं वजन पाण्यात तेवढं राहतच नाही. सेकंड स्टेज तोंडातून ओढते ती मुख्यतः होज, म्हणजे हवेची नळी. उजव्या खांद्यावरून येणारी रबरी होज ताठ किंवा आखूड असेल, तर मान डावीकडे वळवली की दातांवर ताण येतो. विणीची लवचिक होज, सांध्याला स्विव्हल (फिरणारा जोड) आणि होजची योग्य लांबी एवढ्याने बराच फरक पडतो. दुसरं कारण माउथपीस, म्हणजे दातांत धरायचा तुकडा. दाढेखाली येणारा भाग छोटा किंवा कडक असेल तर माणूस नकळत चावत राहतो. झिप टाय कापून माउथपीस बदलायला कितीसा वेळ लागतो! माझं दुखणं शेवटी मऊ, जरा लांब माउथपीसने गेलं. त्याचा खर्च त्या २८,००० समोर हिशेबातही धरण्याजोगा नाही.

जबड्यापेक्षा गंभीर गोष्ट वेगळीच होती. प्रत्येक श्वासाबरोबर थोडं पाणी तोंडात यायचं. "नवीन आहे, सवय होईल," असं फोनवर उत्तर. डब्यावर 'सर्व्हिस झाली' असा स्टिकर होता, बिल मात्र नव्हतं. टेक्निशियनने उघडून दाखवलं: उच्छ्वास बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं रबर कडक होऊन कडेने वळलेलं. खाली ज्या यंत्रातून श्वास घ्यायचा, ते असं.

हा दोष विकत घेण्याआधी, सिलिंडर नसतानाही पकडता येतो. फर्स्ट स्टेजवर डस्ट कॅप (हवा आत यायच्या तोंडावरचं झाकण) घट्ट बसवा आणि माउथपीसमधून हळू श्वास ओढा. ओढ अडली पाहिजे आणि तशीच टिकली पाहिजे. हवा आत आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, डायफ्राम (आतला लवचिक पडदा), माउथपीस किंवा बॉडी, कुठेतरी गळती आहे. मग सिलिंडर लावून, मान वाकडी करून, पालथं होऊन श्वास घेऊन बघा. विकणारा घाई करू लागला तर त्याला जाऊ द्या. सीरियल नंबर दोन्ही स्टेजवर पाहा आणि सर्व्हिसच्या बिलावरच्या नंबराशी ताडून घ्या. माझ्या सेटवर नंबराच्या जागी कंपनीचा गोल स्टिकर चिकटवलेला होता. तो नखाने काढला, खाली घासलेली जागा.

पैसे यूपीआयने दिले होते, तेवढा पुरावा आहे. परत मागितल्यावर आधी "माल बघून घेतलात ना", मग ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, स्क्रीनशॉट आणि टेक्निशियनचं लेखी म्हणणं जोडलं आहे. पैसे अजून आलेले नाहीत. त्याची जाहिरात मात्र दुसऱ्या नावाने पुन्हा दिसते आहे: करडी सेकंड स्टेज तळहातावर, शेजारी गोल चुंबक, आणि फर्स्ट स्टेजवर तोच गोल स्टिकर.