न ठेवलेल्या केळीचं भाडं: 2,19,750 रुपये

रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांनी आणि ज्यांनी ज्यांनी कोल्ड रूमची जागा हंगामासाठी आगाऊ बांधून घेतली आहे, त्यांनी हे वाचाच. शीतगृहाचं नाव लिहीत नाही, वकिलांनी मना केलं आहे. पण करारातलं प्रत्येक कलम सांगतो.

माझी 9 एकर केळी. शिवाय गावातल्या पाच-सहा जणांचा माल मीच बाहेर पाठवतो, पंचवीस वर्षं हेच करतो आहे. मी बी.कॉम. झालेला माणूस आहे, हिशोब मला कळतो. हे आधीच सांगतो, कारण "वाचल्याशिवाय सही कशी केली?" हा प्रश्न मला घरच्यांपासून फौजदारापर्यंत सगळ्यांनी विचारून झाला आहे.

करार एप्रिल, मे, जून असा तीन महिन्यांचा. दरमहा 100 टनांची जागा, किलोला 1 रुपया 50 पैसे, अनामत 90,000. आजूबाजूला 2 रुपये 10 पैशांच्या खाली कोणी बोलत नव्हतं. मॅनेजर म्हणाला, "भाऊ, माल येईल तेवढंच बिल. तुमची जागा राखून ठेवतो, बस."

आता तो क्षण. करार इंग्रजीत, अकरा पानांचा. प्रत्येक पानावर खाली छोटी सही घेतली. पण सातव्या पानावर कलमाच्या शेजारी वेगळी चौकट होती आणि तिथे पूर्ण सही मागितली. बाकी दहा पानांवर अशी चौकट नव्हती. मी बोट ठेवून विचारलं, "इथंच वेगळी सही कशाला, भो?" तो म्हणाला, "बँकेच्या ऑडिटला लागते." आणि मी सही केली. माणूस एकाच कलमावर वेगळी सही का मागतो? उद्या कोर्टात म्हणता यावं की याला हे कलम दाखवलं होतं. दुसरं कारण नाही. हे मला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या कळायला हवं होतं. बाहेर ट्रॅक्टर उभा होता, कटाईची टोळी बसून होती, घड पिवळे पडायला आले होते. घाई होती हे खरं. तरीही ती चौकट मला रात्री दिसते.

त्या कलमात दोन शब्द होते. एक 'न वापरलेली क्षमता': महिन्याच्या 100 टनांत जेवढा माल कमी येईल, त्यावर दराच्या 75 टक्के. दुसरा 'जप्त क्षमता': एखाद्या आठवड्यात ठरलेल्या 25 टनांच्या 60 टक्क्यांपेक्षा कमी माल आला, तर उरलेल्या मुदतीची सगळी जागा त्यांच्याकडे परत. ती ते दुसऱ्याला देऊ शकतात आणि तिचं पूर्ण भाडं मात्र माझ्याकडून.

एप्रिलमध्ये 92 टन माल गेला, त्याचे 1,38,000 मी वेळेवर भरले. मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत 31 टन, त्याचे 46,500 भरले. मग वादळ आलं. आपल्याकडे मे-जूनला वारा सुटला की काय होतं ते सांगायला नको. निसवलेली, घडांनी वाकलेली झाडं एका रात्रीत आडवी. तिसऱ्या आठवड्यात माझा माल शून्य. 22 मेला त्यांनी ईमेलवर जप्तीची नोटीस टाकली. रोज दोनदा फोन करणारा मॅनेजर त्या दिवशी फोन करत नाही! (ईमेल हाच नोटिशीचा पत्ता, हे नवव्या पानावर होतं.)

3 जूनला शेजारच्या गावातून वाचलेला 4 टन माल गोळा करून मी गाडी घेऊन गेलो. फाटकावर सांगितलं, तुमची जागा संपली. आत डोकावलो तर माझ्या खोलीत नंदुरबारकडच्या लाल मिरचीची पोती, छताला लागलेली. तापमानही खाली आणलेलं. केळीला 13-14 अंश लागतात, त्याखाली साल काळी पडते. म्हणजे केळी ठेवता येईल अशी ती खोलीच उरली नव्हती. मिरचीवाल्याकडून भाडं, आणि त्याच खोलीचं माझ्याकडूनही.

बिल असं आलं. एप्रिलच्या 8 टन कमी मालाचे 9,000. मेचे उरलेले 69 आणि जूनचे 100, असे 169 टन जप्त, पूर्ण दराने 2,53,500. बेरीज 2,62,500. त्यावर 18 टक्के जीएसटी 47,250. एकूण 3,09,750. अनामत वजा जाता 2,19,750. प्रत्यक्ष ठेवलेल्या 123 टनांचं भाडं 1,84,500 आणि न ठेवलेल्याचं त्याच्या दीडपटीहून जास्त.

त्या जीएसटीवरही थांबा. शेतमालाच्या साठवणुकीवर जीएसटी माफ आहे. आणि ही रक्कम भाडं नसून करारभंगाची भरपाई आहे म्हणाल, तर 3 ऑगस्ट 2022 च्या जीएसटी परिपत्रकाने अशी भरपाई सेवेचा मोबदला धरायची नाही असं स्पष्ट केलं आहे. मग हे 47,250 कशाचे? आमच्या सीएंनी लेखी विचारलं. उत्तर नाही.

करारात नैसर्गिक आपत्तीचं कलम होतं. पण ते वीज गेली, यंत्र बिघडलं, त्यांच्या इमारतीचं नुकसान झालं, एवढ्यापुरतंच. वादळ त्यांच्या पत्र्यांसाठी आपत्ती, माझ्या झाडांसाठी नाही. हे कलम दोन्ही बाजूंना लागू करून घेतल्याशिवाय पेन उचलू नका.

पोलीस ठाण्यात गेलो. "दिवाणी मामला आहे", दोन मिनिटांत बाहेर. बाजार समिती म्हणते व्यवहार आमच्या आवारातला नाही. कृषी कार्यालय म्हणतं पंचनामा बागेचा होतो, भाड्याचा नाही. फळपीक विमा बागेपुरता. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदली, पुढे "तुम्ही व्यापारी आहात" म्हणून बंद. अरे, पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणारा माणूस 2019 च्या ग्राहक कायद्यात ग्राहक ठरू शकतो, हे मी त्यांना सांगायचं का? जिल्हा ग्राहक आयोगात विचारलं तर कळलं, अन्यायकारक कराराची तक्रार इथे चालतच नाही, राज्य आयोगात जा. पाच दारं, आणि एकानेही ती अकरा पानं हातात धरून वाचली नाहीत! सातवं पान उघडून दाखवलं तरी नजर सहीवर. सही तुमचीच ना? हो, माझीच आहे. पण मिरची कोणाची होती, हे कोणी विचारलं नाही.

जळगावच्या वकिलांनी पहिल्यांदा धीर दिला. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 सांगतं, की करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो तसाच मिळत नाही, वाजवी भरपाईच मिळते. आणि नुकसान कमी करायचे जे मार्ग हाताशी होते, ते कलम 73 खाली पाहिले जातात. खोली दुसऱ्याला दिली असेल, तर आपलं नुकसान किती झालं हे शीतगृहवाल्याला दाखवावं लागेल. त्यासाठी पुरावा हवा. त्या दिवशी फाटकावरून मोबाइलवर काढलेले तीन फोटो, तारीख-वेळेसह, आज माझ्याकडे तेवढेच आहेत. तुमची जागा काढून घेतली तर लगेच जा, आत काय भरलंय त्याचे फोटो काढा, आणि माल घेऊन गेलात तर परत पाठवल्याचं लेखी घ्या. मी ते घेतलं नाही.

"दुसऱ्याला जागा दिली तर तेवढं भाडं वजा", हे एक वाक्य मराठीत लिहून मागा. देत नसेल तर 2 रुपये 10 पैसेवाल्याकडे जा. किलोमागे ते 60 पैसे मी वाचवले, ठेवलेल्या 123 टनांवर 73,800 होतात.

उत्तराची नोटीस गेल्या सोमवारी पाठवली आहे. थकबाकीवर व्याज लावू, असं त्यांचं कालच पत्र आलं. कोणाकडे सातव्या पानावर अशीच चौकट असलेला करार असेल, तर त्या पानाचा फोटो मला पाठवा. एकाच मसुद्यावर अनेकांच्या सह्या आहेत हे दाखवता आलं, तर राज्य आयोगात बोलायला जागा होईल, असं वकील म्हणतात.