लिन्स्की रिजलाइन: टायटॅनियम हार्डटेल अकरा महिने चालवल्यानंतर

ही माउंटन बाइक हार्डटेल, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे. वापर आठवड्याला दोन-तीन राइड, बहुतेक अमेरिकेतल्या चॅटनूगाजवळच्या रॅकून माउंटनवर. झाडांची मुळं, वाळूचे खडक, पाऊस पडून गेला की चिकट माती. २९ इंची चाकं, पुढे १२० मिमी दबणारा सस्पेन्शन फोर्क.

लिन्स्की कुटुंबानेच १९८६ मध्ये लाइटस्पीड ही टायटॅनियम सायकलींची कंपनी सुरू केली होती. १९९९ मध्ये ती विकली आणि २००६ च्या सुमारास आपल्या आडनावाने चॅटनूगातच पुन्हा टायटॅनियमच्या फ्रेम बनवायला घेतल्या. तो हात वेल्डमध्ये दिसतो: खवले एकसारखे, रंग चांदीचा. कुठलीही टायटॅनियम फ्रेम घेताना हेच आधी बघा. वेल्डच्या कडेला निळी-जांभळी छटा असेल तर वेल्ड झाकणारा आर्गॉन वायू कमी पडून तापलेल्या धातूला हवा लागलेली असते, आणि असा सांधा ठिसूळ होतो.

टायटॅनियमची चाल मऊ असते असं सगळेच म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. बारीक थरथर हाताला कमी जाणवते, मुळावरचा दणका मात्र टायरच झेलतो. ७२ किलोच्या रायडरला २.४ इंची ट्यूबलेस टायरमध्ये हवेचा दाब पुढे २० आणि मागे २३ पीएसआय बरोबर बसले. मागे २७ भरून बघा, कुठल्याही ॲल्युमिनियम हार्डटेलसारखीच आपटते.

फ्रेमला गंज नाही, रंग उडायची भीती नाही. त्रास देतात ते तिच्यात बसवलेले भाग. चढावर कर्रकर्र सुरू झालं की लोक थेट बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस फिरतो तो बेअरिंगचा भाग) उघडतात. तसं करू नका. आधी सीटवरून उठून पेडल मारा. आवाज थांबला तर दोष सीटपोस्टचा (सीटच्या दांड्याचा) किंवा सॅडलच्या क्लॅम्पचा. नाही थांबला तर पेडल, चेनरिंगचे बोल्ट, मागच्या चाकाचा आस (थ्रू-ॲक्सल), हँगर (मागचा गिअर अडकवायचा तुकडा), या क्रमाने जा. इथे दोष हँगरमागे निघाला: चिमूटभर वाळू. काढून पुसला, ग्रीसचा पातळ थर दिला, आवाज बंद.

बॉटम ब्रॅकेटचे कप ॲल्युमिनियमचे आणि आटे टायटॅनियममध्ये. कोरडे बसवले तर ते एकमेकांना धरतात आणि पुढे काढताना आटे जातात. प्रत्येक आट्याला अँटी-सीझ (धातू एकमेकांना धरू नयेत म्हणून लावायची पेस्ट) हवंच, साधं ग्रीस फार दिवस टिकत नाही. उजव्या कपाचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. पहिले तीन-चार फेरे हातानेच द्या, पाना नंतर.

ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट तर आणखी चिवट. दोन महिन्यांतून एकदा बाहेर काढा, नळी आतून पुसा, अँटी-सीझ लावून परत बसवा. कोकणात किंवा सह्याद्रीच्या पावसाळ्यात चालवणाऱ्यांनी दर महिन्याला. पोस्ट कार्बनचा असेल तर ग्रीस नको, कार्बन पेस्ट वापरा आणि क्लॅम्प ५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा.

ब्रश फिनिशचं (रंगाऐवजी धातूवरच बारीक रेघा) सुख वेगळंच आहे. हेड ट्यूबवर केबल घासून चकचकीत पट्टा पडला होता. राखाडी स्कॉच-ब्राइट घासणी ओली करून मूळ ब्रशच्या रेघांच्याच दिशेने आठ-दहा हात मारले, पट्टा गायब. आडवी घासली तर डाग वाढतो. स्टील वूल मुळीच नको, त्याचे कण धातूत रुततात आणि पुढे तेच गंजतात. केबल घासते तिथे पारदर्शक टेप पहिल्याच दिवशी लावायला हवी होती.

उंच ड्रॉप (उंचावरून खाली उडी) हेच ज्यांचं मुख्य काम, त्यांनी मागेही सस्पेन्शन असलेली फुल सस्पेन्शन घ्यावी. दिवसभर चढ-उतार करणाऱ्याला मात्र ही फ्रेम सोडवत नाही.

धुतल्यावर हेड ट्यूब, बॉटम ब्रॅकेट आणि सीट क्लॅम्पची फट टॉर्च तिरकी धरून तपासा. केसासारखी रेघ दिसली तर कपड्यावर स्पिरिट घेऊन पुसा. मळ असेल तर निघेल. नाही निघाली तर चालवणं थांबवा आणि गल्लीतल्या वेल्डरकडे नेऊ नका. टायटॅनियमला नळीच्या आतूनही आर्गॉन भरावा लागतो, तो नसेल तर दुरुस्ती भेगेच्या बाजूलाच पुन्हा तडकते.