झाडछाटणीचा धंदा: लाकडाच्या बोलीवर की रोख मजुरीवर?

पहिला वळीव झोडपून गेला की कोल्हापुरात ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी सगळीकडं एकच धावपळ सुरू होते. कुणाच्या कंपाउंडवर गुलमोहराची फांदी मोडून पडलेली असते, कुणाचा रेन ट्री शेजाऱ्याच्या पत्र्यावर वाकलेला असतो. काम भरपूर, करणारे थोडे, आणि नीट करणारे त्याहून थोडे. त्यामुळं या धंद्यात उतरावं असं बऱ्याच पोरांच्या मनात येतं, विशेषतः ज्यांना सह्याद्रीत दोरावर चढायची सवय आहे त्यांच्या. उतरावंच. पण मशीन घ्यायच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते: पैसे कशाचे घेणार?

आपल्याकडं दोन रीती आहेत. लाकडाच्या बोलीत मालक काही देत नाही, दिलं तर चहापाण्यापुरतं. तोडणारा लाकूड घेऊन जातो आणि वखारीत किंवा वीटभट्टीवर विकतो. खोड चांगलं असेल तर उलट तोच मालकाच्या हातावर पैसे ठेवतो. रोख मजुरीत झाड बघून दर सांगायचा, काय काढायचं ते आधी लिहून घ्यायचं आणि लाकूड-पाला कुणी उचलायचा तेही ठरवायचं.

वरवर बघता हा नुसता व्यवहाराचा फरक. माझ्या मते मात्र सगळा धंदा इथंच ठरतो. लाकडावर काम घेतलं की डहाळीला किंमत नाही, जाड फांदीला आहे. मालकाला छपरावर आलेल्या चार डहाळ्या काढून हव्या असतात, पण तेवढ्यानं ट्रॉली भरत नाही. मग "बुडापासनं काढूया की मालक, परत परत त्रास नको" हे ठरलेलं वाक्य येतं. यात तोडणारा लबाड असतो असं नाही. डिझेल आणि दोन गड्यांची हजेरी त्या लाकडातूनच निघायची असते, त्याचा हात आपोआप जाड फांदीकडं जातो.

झाड बोडकं केलं की काम झालं असं दिसतं, पण दोन पावसाळ्यांत तिथून कोंबांचा झुबका फुटतो. ते कोंब सालीलगतच्या थरातून आलेले असतात. मूळ फांदीसारखी त्यांची पकड आत खोडात रुजलेली नसते, म्हणून वाढले की वाऱ्यात तेच आधी निखळतात. म्हणजे धोका कमी करायला बोलावलं आणि चार-पाच वर्षांनी जास्त धोका पदरात पडला. नीट छाटणी याच्या उलट असते. फांदी खोडाला मिळते तिथं एक फुगीर वळी दिसते. काप त्या वळीच्या बाहेर घ्यायचा, खोडाला घासून नाही आणि खुंटा ठेवूनही नाही. अमेरिकेतल्या ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, तिला आतून कोंडून टाकतं, आणि ती वळी शाबूत असेल तर हे नीट जमतं. त्यामुळं कापावर डांबर फासण्यातही अर्थ उरत नाही. जाड फांदी तीन कापांत उतरवायची: पहिला खालून, दुसरा थोडा पुढं वरून, आणि भार उतरल्यावर तिसरा वळीजवळ. एकाच कापात उरकायला गेलं की फांदी साल ओरबाडत खाली येते. एका हंगामात पानोऱ्याच्या पाव हिश्श्याहून जास्त काढू नये, असा ढोबळ नियम आहे. लाकडाच्या बोलीत हा नियम पाळणारा माणूस उपाशी मरेल.

रोख मजुरीची अडचण वेगळी, ती गिऱ्हाईकाची. "झाड तोडायचे पैसे? लाकूड नेतोयस की!" हे पहिल्या वर्षी रोज ऐकावं लागेल. सरळ उत्तर द्यावं की लाकूड तुमच्याच दारात ठेवतो, पैसे तुमच्या छपराला ओरखडा न येता फांदी खाली आणण्याचे आहेत. काही गिऱ्हाइकं जातील. बंगलेवाले, सोसायट्या, शाळा, हॉस्पिटलं आणि शिरोली-गोकुळ शिरगावचे कारखाने टिकतील, कारण त्यांना बिल लागतं आणि उद्या काही झालं तर जबाब द्यायला माणूस लागतो.

परवानगी

शहराच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे. त्यात झाड 'तोडणं' म्हणजे नुसतं बुडातून पाडणं नव्हे. जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं त्यात येतं. म्हणून खाजगी अंगणातलं झाड असलं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडं अर्ज करायचा, तोही मालकाच्या सहीनं. कायद्याच्या कचाट्यात तोडणारा आणि तोडायला लावणारा असे दोघंही येतात, हे गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगून टाकावं. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा आहे आणि भरपाईची लागवड तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी करावी लागते. साठ वर्षांचा वड काढायचा तर साठ रोपं. हे ऐकल्यावर बरेच मालक "मग नुसती छाटणीच करा" म्हणतात, ते बरंच.

खरी गंमत हद्दीवर आहे. कोल्हापूरची हद्दवाढ हा पिढ्यान् पिढ्यांचा वाद, आणि पाचगाव, उचगाव, उजळाईवाडी या गावांत घरं शहरासारखी असली तरी कारभार ग्रामपंचायतीचा. तिथं 1975 चा नाही, 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा बघावा लागतो. त्यात जातीनुसार यादी आहे: साग, चंदन, खैर, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा वगैरे. यादीतलं झाड स्वतःच्या शेताच्या बांधावरचं असलं तरी वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. म्हणून काम घेताना आधी मिळकतपत्रिका किंवा सात-बारा मागायचा, मग झाडाकडं बघायचं.

इथं दोन बोलींतला फरक परत उघडा पडतो. लाकडाच्या बोलीत लाकूड हलवायची जबाबदारी तुमची. रस्त्यात गाडी अडवली तर लाकूड कुठलं, परवानगी कुठली, वाहतुकीचा पास कुठं, हे तुम्हाला विचारतात. रोख मजुरीत लाकूड मालकाच्या अंगणात पडून राहिलं तर ही डोकेदुखीच नाही. चंदनाच्या वाटेला मात्र कुठल्याही बोलीवर जाऊ नये.

घरट्यांचं भान कुणालाच नसतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणं, घरटी विस्कटणं हेही शिकारीच्या व्याख्येत येतं. पावसाळ्यात रेन ट्रीवर बगळ्यांची वसाहत असेल आणि खालच्या गाड्या घाण होतात म्हणून मालक कावला असेल, तरी पिल्लं उडून जाईपर्यंत थांबायचं. दुर्बीण लावून झाड आधी बघण्याचा आणखी एक फायदा म्हणजे आग्या मोहोळ दिसतं. दोरीवर लटकलेल्या माणसाला पळून जायला जागा नसते.

वर जायचं कसं

तीन पर्याय. शिडी आणि कमरेला बांधलेला नायलॉनचा दोर, हा पहिला. तो मी तुलनेत धरतच नाही. कमरेच्या दोरानं पडणं थांबतं, पण माणूस मधोमध दुमडतो. आणि शिडी ज्या फांदीला टेकवली तीच कापायची असते, हे तर दर उन्हाळ्यात कुठंतरी घडतंच.

दुसरा पर्याय दोरी-हार्नेस, म्हणजे दोरी आणि अंगाला धरून ठेवणारे पट्टे. खर्च कमी, आणि जुन्या बंगल्याच्या मागच्या अंगणात, जिथं गाडी जात नाही तिथं हाच चालतो. हार्नेस आयएस 3521 मानकाचा घ्यावा, हेल्मेट आयएस 2925 चं. गिर्यारोहण केलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: कड्यावरची ताणणारी दोरी झाडावर कामाची नाही, इथं कमी ताणाची लागते. चेनसॉ चालवताना दोन ठिकाणी बांधलेलं असावं, मुख्य दोरी आणि आखूड पट्टा, कारण साखळीनं एक कापली गेली तर दुसरी हवी. आणि वर एक चढला असेल तर खाली दुसरा चढता येणारा असलाच पाहिजे. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये लटकून राहणं हेच जिवावरचं असतं. अग्निशमन दल येईपर्यंत वाट बघण्यात अर्थ नाही.

तिसरा बकेटची लिफ्ट. रस्त्याकडेच्या, पोखरलेल्या किंवा मेलेल्या झाडाला हीच बरी, कारण ज्या झाडाचा भरवसा नाही त्यावर चढायचं कसं? पण भाडं रोजचं, त्यामुळं एका ठिकाणची तीन-चार कामं जमवून बोलवावी. एमआयडीसीतून हायड्रा (चाकांवरची क्रेन) आणून त्याच्या हुकाला ट्रे लटकवून माणूस वर पाठवण्याचा प्रकार दिसतो. हायड्रा माल उचलायला आहे. लाकडाच्या बोलीत हाच जुगाड होतो, कारण लिफ्टचं भाडं लाकडातून सुटत नाही.

फांदीच्या वजनाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. 1 फूट जाडीची, 10 फूट लांबीची ओली फांदी 200 किलोच्या आसपास भरते. ती दोरीनं उतरवायची तर दोरी हातात धरून नव्हे, खोडाला वेढे देऊन सैल सोडायची असते. अख्खं झाड पाडताना त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कुणीही नको, मोबाइलवर शूटिंग करणारा घरमालकही नको.

तारांच्या बाबतीत पर्याय नाही. अमेरिकेतल्या झेड 133 या मानकात विजेचं खास प्रशिक्षण नसलेल्याला वितरणाच्या उघड्या तारांपासून किमान 10 फूट लांब ठेवलं आहे. फांदी त्या अंतरात असेल तर महावितरणकडं लेखी अर्ज, लाइन बंद झाल्याची खात्री, मगच हात लावायचा. "फोन केलाय, बंद होईल" यावर कुणाला वर चढवू नये. वीज सुकी फांदी बघत नाही, आणि ओल्या फांदीतून तर वाहतेच.

माणसं, विमा, कागद

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात झाडं तोडणाऱ्यांचा आणि ताडमाडाचा रस काढणाऱ्यांचा उल्लेख होता. तीच जबाबदारी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. रोजंदारीवरचा गडी पडला तर "तो माझा कायमचा माणूस नव्हता" हे चालत नाही. म्हणून कामगार भरपाईची पॉलिसी आणि गिऱ्हाइकाच्या किंवा शेजाऱ्याच्या नुकसानीची पॉलिसी, अशा दोन्ही हव्यात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा आहे, तो प्रत्येकाच्या बँक खात्यातून काढून घ्यावा. पण तेवढ्यावर भागत नाही. हप्ता दरात धरायचा असतो, आणि लाकडाच्या बोलीत धरायला दरच नसतो.

बाकी नोंदणी अवघड नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत, 20 पेक्षा कमी कामगार असतील तर दुकाने-आस्थापना कायद्याखाली नुसती सूचना, सेवेची वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी.

मग कुणी काय निवडावं

ज्याची वखार आहे, ट्रॅक्टर-ट्रॉली आहे, त्यानं लाकडाची बोली ठेवावी, पण परवानगी मिळालेल्या आणि पूर्णच काढायच्या झाडांपुरती. मोकळ्या रानातला वठलेला आंबा किंवा रस्तारुंदीकरणातली झाडं यांत छाटणीचा प्रश्नच नसतो, तिथं ही रीत दोघांनाही परवडते.

नव्यानं उतरणाऱ्यानं रोख मजुरीच धरावी आणि सुरुवात लहान ठेवावी: नारळाच्या झावळ्या-नारळ काढणं, आंब्यावरचं बांडगूळ, छपरावरच्या डहाळ्या. हातकरवतीनं होणाऱ्या कामाला चेनसॉ वर न्यायचाच नाही. पहिले पैसे हार्नेस, दोरी, हेल्मेट आणि चेनसॉच्या संरक्षक पँटवर घालावेत, मोठ्या मशीनवर नको. दरपत्रकावर पाच ओळी पुरतात: कुठल्या फांद्या काढायच्या, परवानगी कुणी आणायची, लाकूड-पाला कुणाचा, लाइन बंद करायची का, विमा कुणाचा. दुसऱ्या ओळीपाशी मालक चुळबुळ करायला लागला तर ते काम दुसऱ्याला जाऊ द्यावं.